निरोगी देह आणि वजन उतरविणारे औषध

आजचा विषय वरवर पाहता वैद्यांचा आहे, आणि आम्ही वैद्य नाही. तरीही तो या व्यासपीठावर मांडण्याचे धाडस आम्ही करीत आहो. कारण या विषयाला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे आणि तो औषधाच्या दुकानात कोणी सांगत नाही. प्रश्न सरळ आहे. ज्याचे वजन उंचीच्या मानाने योग्यच आहे, अशा माणसाने वजन उतरविणारे औषध घ्यावे काय?

हा प्रश्न नुसता तर्काचा खेळ नव्हे. २०२५ च्या मार्चमध्ये टिरझेपटाइड आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये वजनासाठीचे सेमाग्लुटाइड ही आठवड्यातून एकदा टोचून घ्यावयाची औषधे भारताच्या बाजारात आली. लग्नसराई तोंडावर आली की "चार किलो उतरले तर बरे" असे म्हणणारी, वस्तुतः सडपातळच असलेली मुलगी आपल्या घरात नसली तर शेजारी असतेच. आरशासमोर पोट आत ओढून उभा राहणारा चाळिशीचा गृहस्थ तर घरोघरी आहे. पूर्वी अशांना रात्रीचा भात सोडा, रोज सकाळी टेकडी चढा, यापलीकडे काही सांगता येत नसे. आता सुई हाताशी आली आहे. म्हणूनच अशी सुई वा गोळी याआधी जेव्हा जेव्हा हाताशी आली, तेव्हा काय घडले, हे पाहणे अगत्याचे झाले आहे.

प्रथम 'योग्य वजन' ही कल्पना कोठून आली ते पाहू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 'अष्टौनिंदितीय' नावाचा अध्याय आहे. त्यात अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचीही गणना निंद्य शरीरांत केली असून, दोहोंत कृश बरा, कारण स्थूलाची चिकित्सा अधिक अवघड, असेही म्हटले आहे. मधल्या, समप्रमाण देहाच्या माणसाची तेथे प्रशंसा आहे; उपचार सांगितले आहेत ते दोन टोकांना. येथे आकडा नाही, तराजू नाही. आकडा आला तो युरोपातून. बेल्जियमचे गणिती अडोल्फ केतले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असे दाखविले की, प्रौढ माणसांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. केतले 'सरासरी माणसा'चा शोध घेत होते, रोग्याचा नव्हे. पुढे अमेरिकेतील मेट्रोपॉलिटन या विमा कंपनीने १९४२-४३ मध्ये आणि पुन्हा १९५९ मध्ये आपल्या विमेदारांच्या आयुर्मानावरून उंची-वजनाची कोष्टके प्रसिद्ध केली. १९७२ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी केतले यांच्या गुणोत्तराला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिले. वजनाच्या किलोंना मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे, की हा निर्देशांक मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते तो १८.५ ते २४.९ असावा. भारतीयांना मधुमेह व हृदयविकार कमी वजनातही गाठतात, हे ध्यानी घेऊन २००९ मध्ये आपल्याकडील तज्ज्ञांनी वरची मर्यादा २३ च्या आत आणली. म्हणजे १६० सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीचे वजन ४७ ते ५९ किलोंच्या दरम्यान असले, तर ते योग्य समजावे. या मर्यादेत असणाऱ्या माणसाविषयीच आज आम्ही बोलणार आहो.

आता औषधांकडे वळू. १८९१ मध्ये न्यूकॅसल येथील डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क टोचून, ती ग्रंथी निकामी झालेल्या एका स्त्रीला बरे केले. उपचार यथार्थ होता. आजही त्या रोगावर तीच दिशा धरली जाते. परंतु या अर्काने वजन उतरते हे ध्यानात येताच, ज्यांची ग्रंथी अगदी ठणठणीत होती अशांनाही तो काही वर्षांतच दिला जाऊ लागला. छातीची धडधड, हातांचा कंप आणि स्नायूंची झीज ही त्याची किंमत होती. एका रोगावरचे औषध, त्यातून अकस्मात दिसलेली वजनघट, आणि मग तो रोग नसलेल्यांची गर्दी, हा क्रम श्रोत्यांनी मनात ठेवावा. पुढे तोच पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

दुसरी कथा अधिक दारुण आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफेनॉल नावाचे पिवळे रसायन वापरीत. ते हाताळणाऱ्या कामगारांना घाम फुटे, ताप चढे, वजन झपाट्याने घटे, आणि काही जण मरणही पावले. १९३३ मध्ये कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मॉरिस टेंटर आणि विंडसर कटिंग यांनी हेच रसायन अल्प मात्रेत वजन उतरविण्यासाठी देता येईल, असे जाहीर केले. ते खोटे नव्हते. अन्नातून निघणारी शक्ती शरीराच्या कामासाठी साठविली जाण्याऐवजी तिची नुसती उष्णता होते, आणि माणूस बसल्या जागी चरबी जाळू लागतो. चुलीवर भांडे न ठेवता सरपण जाळावे तसा हा प्रकार. पण ही आग किती पेटवावी याचा अंदाज चुकला, तर ती विझविणारा उतारा नाही. वर्ष-दीड वर्षात एकट्या अमेरिकेत एक लाखाहून अधिक लोकांनी हे औषध घेतले, असा खुद्द टेंटर यांचाच अंदाज होता. १९३५ पासून तरुण स्त्रियांच्या डोळ्यांत मोतीबिंदू दिसू लागले. साठीनंतर यावयाचा विकार विशी-तिशीत आला.

मग सरकार काय करीत होते? येथे इतिहास मोठा बोधप्रद आहे. अमेरिकेच्या १९०६ च्या कायद्यात 'औषध' म्हणजे रोग बरा करण्यासाठी, सौम्य करण्यासाठी वा टाळण्यासाठी दिलेला पदार्थ, अशी व्याख्या होती. लठ्ठपणा तेव्हा रोग गणला जात नसल्यामुळे वजन उतरविणारा पदार्थ कायद्याच्या दृष्टीने औषधच ठरत नव्हता! जो रोगी नाही त्याला दिलेल्या पदार्थावर कोणाचाच अंकुश नव्हता. १९३८ च्या नव्या कायद्याने ही व्याख्या विस्तारली. शरीराची रचना वा क्रिया बदलण्यासाठी दिलेला पदार्थही औषध मानला गेला, आणि डायनायट्रोफेनॉलची अधिकृत विक्री थांबली. परंतु चोरवाटा बुजल्या नाहीत. २०१५ मध्ये इंग्लंडमधील एकवीस वर्षांची एक विद्यार्थिनी घरबसल्या मागविलेल्या याच रसायनाच्या गोळ्यांनी मरण पावली. ज्या रसायनाचा धोका १९१८ पूर्वीच उघड झाला होता, त्याने शंभर वर्षांनंतरही बळी घ्यावा, यावरून बारीक होण्याची ओढ किती प्रबळ असते याची कल्पना यावी.

ही ओढ आली कोठून? ती सगळीच आपल्या मनात उपजलेली नसते. १९२८ च्या सुमारास अमेरिकेत 'लकी स्ट्राइक' सिगारेटच्या जाहिरातींनी स्त्रियांना उपदेश सुरू केला, की मिठाई खाण्याऐवजी सिगारेट ओढा आणि सडपातळ राहा. मिठाईवाले खवळले, सिगारेटचा खप वाढला. या जाहिरातींतील तरुणी लठ्ठ नव्हत्या. आपण लठ्ठ होऊ हे भय त्यांच्या मनात पेरायचे होते. लठ्ठ माणसे मोजकी असतात. लठ्ठ होण्याची धास्ती बाळगणाऱ्यांची संख्या मात्र अमर्याद असते. व्यापाऱ्याला मोठी बाजारपेठ कोणती, हे वेगळे सांगावयास नको.

तिसरी कथा अँफेटामिनची. हे रसायन १८८७ मध्येच बर्लिनमध्ये तयार झाले होते. पण त्याचा औषधी उपयोग १९३० च्या दशकात अमेरिकेत सुरू झाला. प्रथम चोंदलेल्या नाकासाठी, मग अनावर झोपेच्या विकारासाठी. झोपेच्या रोग्यांची भूक मेल्याचे दिसले आणि क्रम पुन्हा सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना जागे ठेवणारी गोळी शांततेच्या काळात गृहिणींच्या हाती आली. १९५० आणि १९६० च्या दशकांत केवळ वजनाचाच धंदा करणारे डॉक्टर अमेरिकेत गावोगाव उभे राहिले. त्यांच्या दवाखान्यांतून इंद्रधनुष्यासारख्या रंगीत गोळ्या मिळत. कोणतीत अँफेटामिन, कोणतीत थायरॉइड, कोणतीत लघवी वाढविणारे द्रव्य, कोणतीत हृदयाचे डिजिटॅलिस, आणि त्या साऱ्यांनी उडालेली झोप परत आणण्यासाठी एखादे शामक.

१९६८ च्या जानेवारीत 'लाइफ' साप्ताहिकाने एक लेख छापला. सुझाना मॅकबी नावाच्या वार्ताहर बाईंनी अशा दहा डॉक्टरांची भेट घेतली होती. त्यांचे वजन मुळीच जास्त नव्हते. तरीही त्या दहा भेटींतून त्यांना एकूण १,४७९ गोळ्या मिळाल्या. श्रोतेहो, आजच्या प्रश्नावर इतिहासाने घेतलेली एवढी स्वच्छ परीक्षा दुसरी नाही. योग्य वजनाची व्यक्ती औषध मागावयास गेली, तर वैद्यक व्यवसायातील सगळीच माणसे तिला अडवितील, असे गृहीत धरता येत नाही. त्याच महिन्यात अमेरिकेच्या सिनेटमध्ये या धंद्याची चौकशी झाली. अशा गोळ्यांनी मृत्यू झाल्याची प्रकरणे तेथे मांडली गेली, आणि १९७० च्या कायद्यानंतर अँफेटामिनवर कडक नियंत्रण आले.

पुढच्या कथा थोडक्यात सांगतो. १९६५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये आणि पाठोपाठ शेजारच्या देशांत अमिनोरेक्स नावाचे भूक मारणारे औषध आले. दोनच वर्षांत तेथील डॉक्टरांना फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा दाब वाढण्याचा एक दुर्मिळ व प्राणघातक विकार अनेक पटींनी वाढलेला दिसला. १९६८ मध्ये ते मागे घेतले गेले. १९९० च्या दशकात अमेरिकेत फेनफ्लुरामिन आणि फेंटरमिन ही जोडी गाजली. १९९६ या एकाच वर्षात तिची सुमारे एक कोटी ऐंशी लाख चिठ्ठ्यांवर नोंद झाली. त्याच वर्षी मान्यता मिळालेले डेक्सफेनफ्लुरामिन फक्त निर्देशांक ३० च्या वर असणाऱ्यांना, किंवा २७ च्या वर असून जोडीला अन्य विकार असणाऱ्यांना द्यावे, असे लेबलावर स्पष्ट लिहिले होते. पण लेबल वाचून थांबतो कोण? १९९७ च्या उन्हाळ्यात मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी ती जोडी घेतलेल्या चोवीस रुग्णांच्या हृदयाच्या झडपा बिघडल्याचे जाहीर केले. चोवीसही स्त्रिया होत्या. सप्टेंबरात फेनफ्लुरामिन व त्याचे भावंड दोन्ही बाजारातून गेली. २००६ मध्ये युरोपात आलेले रिमोनाबंट नैराश्य व आत्मघाताच्या विचारांमुळे २००८ मध्ये थांबले. सिबुट्रामिन हृदयविकाराच्या धोक्यामुळे २०१० मध्ये.

या साऱ्या कथांत एक सूत्र आहे. औषधाचा पुरता अपाय प्रारंभी कोणालाच दिसला नाही. तो दिसला हजारो-लाखो माणसांनी ते घेतल्यावर, काही महिन्यांनी वा वर्षांनी. ज्याचे गुडघे वजनाखाली मोडत होते, ज्याची साखर आवरत नव्हती, त्याने निदान काही मिळविण्यासाठी हा धोका पत्करला होता. तराजूच्या एका पारड्यात धोका, तर दुसऱ्यात काही लाभ होता. योग्य वजनाच्या माणसाचे दुसरे पारडे मात्र मोकळेच राहते. एकाच गोळीचा धोका दोघांना सारखा असला, तरी एकाचा तो व्यवहार ठरतो आणि दुसऱ्याचा जुगार.

आता न्यायाची गोष्टही बोलली पाहिजे. नवी औषधे जुन्यांसारखी नाहीत. जेवणानंतर आतड्यातून स्रवणाऱ्या संप्रेरकांचे अनुकरण करून ती तृप्तीची भावना लवकर व दीर्घकाळ देतात. या वर्गातील पहिले औषध २००५ मध्ये मधुमेहासाठी आले. म्हणजे वीस वर्षांहून अधिक काळाचा अनुभव पाठीशी आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १,९६१ जणांवरील चाचणीत सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरले. २०२३ मध्ये १७,६०४ हृदयरोग्यांच्या चाचणीत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व हृदयविकाराने होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण वीस टक्क्यांनी घटले. स्थूल व रुग्ण माणसाला हे वरदान आहे. त्याला "जरा तोंडावर ताबा ठेव" असे म्हणून हिणविणे हे अज्ञानही आहे आणि निष्ठुरताही. जुन्या औषधांच्या इतिहासाचा बागुलबुवा दाखवून अशा रुग्णाला घाबरविणे हा आमचा हेतू नाही.

परंतु या चाचण्यांत कोण होते, हे पाहा. पहिलीत निर्देशांक ३० च्या वर असणारे, किंवा २७ च्या वर असून अन्य विकार जडलेले; दुसरीत २७ च्या वरचे, आणि तेही आधीच हृदयरोग असलेले. बावीस निर्देशांकाची तरुणी या चाचण्यांत नव्हती. म्हणजे चाचणीत सिद्ध झालेला लाभ तिचा नव्हे. मळमळ व वांत्या, पित्ताशयातील खडे, क्वचित स्वादुपिंडाचा दाह हे उपद्रव मात्र तिचे वजन पाहून परत फिरत नाहीत. शिवाय वजन घटते तेव्हा केवळ चरबीच जात नाही, स्नायूही जातो. शंभर किलोंच्या देहाला ते सोसते. पन्नास किलोंच्या देहाने स्नायू कोठून द्यावा? औषध थांबविल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग परत आल्याचे याच चाचणीच्या पुढच्या पाहणीत दिसले. तेव्हा "लग्नापुरते घेईन" हा हिशेबही लटका ठरतो. आणि जी मुलगी आधीच अन्नाला भिऊ लागली आहे, आरशात नसलेली चरबी पाहते आहे, तिच्या हाती भूक मारणारे औषध देणे म्हणजे बुडत्याच्या गळ्यात धोंडा बांधणे होय.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला असा की, निरोगी माणसाने औषध घेऊच नये हे तत्त्व तुम्ही लसीला का लावीत नाही? लस तर निरोग्यांनाच टोचतात. आक्षेप मार्मिक आहे. आणि आमचे तत्त्व ते नव्हेच. लस निरोग्यांना देतात, कारण तिची परीक्षाही निरोग्यांवर झालेली असते. ज्याला औषध द्यावयाचे, त्याच्यासारख्यांवर त्याची परीक्षा झालेली असावी, एवढेच आमचे म्हणणे. उद्या योग्य वजनाच्या माणसांवर दीर्घ चाचणी होऊन लाभ सिद्ध झाला, तर आमचे मत आम्ही आनंदाने बदलू.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. देह माझा, पैसा माझा, मग तुमचे काय जाते? सज्ञान माणसाच्या स्वातंत्र्याचा आम्हांला आदर आहे. परंतु जी माहिती अस्तित्वातच नाही तिच्यावाचून केलेली निवड कितपत स्वतंत्र म्हणावी? शिवाय येथे इतरांचेही जाते. मागणी वाढून २०२२ पासून अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये या औषधांचा तुटवडा पडला, आणि मधुमेहाच्या रोग्यांना आपले नेहमीचे औषध मिळेना. मागणीच्या पाठोपाठ भामटेही आले. बनावट सेमाग्लुटाइड काही देशांत सापडल्याचा इशारा जागतिक आरोग्य संघटनेला २०२४ मध्ये द्यावा लागला.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो आपल्या पुण्यातूनच येतो. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी आपले दोघांचे छायाचित्र छापले. दोघांचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकेही इंग्लंडच्या साउथहॅम्प्टनमधील बालकांपेक्षा वजनाने बरीच हलकी, पण त्या मानाने चरबी राखून असलेली आढळली. दिसायला बारीक, आतून मेदस्वी, असा आपला भारतीय देह आहे. तेव्हा 'योग्य वजन' हा आकडा आपणांस फसवीत नाही काय?

फसवितो, हे मान्य केले पाहिजे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष औषधाच्या बाजूचा नाही. अशा माणसाचे दुखणे वजन जास्त असणे हे नसून, स्नायू कमी आणि चरबी, विशेषतः पोटातील चरबी, जास्त असणे हे आहे. त्याने तराजूचा काटा खाली आणण्याच्या मागे लागू नये. कमरेचा घेर मोजावा, रक्तातील साखर व रक्तदाब तपासून घ्यावा आणि स्नायू कमवावा. आपल्या तालमींतील जोर-बैठकांना या शास्त्राने नवा अर्थ दिला आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. तपासणीत मधुमेह निघालाच, तर डॉक्टर त्यावर औषध देतील. कदाचित हेच देतील. मात्र तेव्हा ते मधुमेहाचे औषध असेल, आरशाचे नव्हे. येथे माणूस रोगी आहे की नाही, हे आकड्याने नव्हे तर तपासणीने ठरते. आणि तेच आमच्या प्रतिपादनाचे मर्म आहे.

तात्पर्य, आमचे उत्तर 'नाही' असे आहे. जे औषध रोग्यासाठी सिद्ध झाले, ते निरोग्याने केवळ सडपातळ दिसण्यासाठी घेऊ नये. हे उत्तर कायमचे आहे असा आमचा आग्रह नाही. मात्र मेंढीच्या ग्रंथीपासून रंगीत गोळ्यांपर्यंत प्रत्येक वेळी 'हे औषध निराळे आहे' असेच म्हटले गेले, आणि त्या म्हणण्याची किंमत डोळ्यांनी, फुप्फुसांनी आणि हृदयांनी मोजली, एवढे विसरू नये.

एक मागणे करून आम्ही आपली रजा घेतो. आपल्या घरातील मुलगी उद्या या सुईविषयी विचारील, तेव्हा तिला रागावू नका. कोणाच्या शब्दाने तिला आपला देह नकोसा झाला, ते आधी विचारा. बैठकीत मुलगी पाहताना, हळदीकुंकवाला जमल्यावर, "अगं, किती सुटलीस!" असे सहज बोलून जाणारी माणसे आपणच असतो. ते एक वाक्य गिळणे एवढे तरी आपल्या हाती आहे, आणि त्याला कोणत्याही डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही.